मण्यांचे दागिने, खिडकीतला उजेड आणि पोफळीची विरी

"अगो, माळ खंय आसा ह्येच्यात? माका नुसतो नारळच दिसता."

माझ्या पहिल्यावहिल्या फोटोवर सासूबाईंनी दिलेला हा निकाल. सोललेला नारळ, दोन शिंपले, मागे मासेमारीचं जाळं, बाजूला केळीचं पान असं अख्खं कोकण मी एका चौकटीत कोंबलं होतं. त्यात कुठेतरी पोवळ्याच्या रंगाच्या मण्यांची दोन पदरी माळ होती. फोटो दिसायला झकास होता. त्यावर पहिला मेसेज आला तो असा : "जाळं कुठे मिळालं?"

तेव्हापासून एक नियम धरून ठेवला आहे. फोटोत दागिन्याखेरीज जी वस्तू ठेवू, तिच्याकडे काहीतरी काम हवं. एक तर तिने दागिना केवढा आहे ते सांगावं, नाहीतर त्याचा रंग उठवावा, नाहीतर त्याला नीट धरून ठेवावं. यातलं एकही काम ती करत नसेल तर उचलून बाजूला ठेवायची, मग ती कितीही देखणी असो.

घरी मणी ओवून विकायला सुरुवात केलेल्या आणि हातात फक्त फोन असलेल्या मंडळींसाठी हे लिहिते आहे. मी वेंगुर्ल्याकडची, त्यामुळे उदाहरणं इथलीच येतील.

१. फोटोच्या आदल्या रात्री

मणीकामातले नेहमीचे ११ नंबरचे बारीक काचमणी साधारण दोन मिलिमीटरचे असतात, ८ नंबरचे तीनच्या आसपास. फोनच्या स्क्रीनवर तोच मणी वाटाण्याएवढा दिसतो. म्हणजे त्याच्यावरचा धुळीचा कण, बोटाचा तेलकट ठसा, गाठीतून डोकावणारं दोऱ्याचं टोक हेही त्याच पटीत मोठं होतं. नंतर एडिटिंगमध्ये एकेक कण पुसत बसण्यापेक्षा रंगाच्या कोरड्या ब्रशने आधीच झटकून घ्या. मोती मऊ सुती कापडाने नुसते पुसायचे. त्यांना लिंबू, व्हिनेगर, टूथपेस्ट काही लावायचं नाही, खरा मोती आम्लाने खराब होतो.

तंगुसात (नायलॉनच्या दोऱ्यात) ओवलेली माळ रिळाचा बाक सहजासहजी सोडत नाही. टेबलावर ठेवली की तिचं एक टोक वर उठतं आणि सगळी माळ अंग चोरून बसल्यासारखी दिसते. आदल्या रात्री खिळ्याला टांगायची आणि खाली कपड्यांचे दोन चिमटे लावायचे. सकाळपर्यंत सरळ होते. चिमटे दोनच लावा, उत्साहाने वरवंटा बांधाल तर गाठी सैल होतील.

आणि फोनची लेन्स पुसा. किनाऱ्यावर राहणाऱ्यांच्या लेन्सवर खाऱ्या वाऱ्याचा चिकट थर बसलेला असतो, तो आपल्या लक्षातही येत नाही. फोटो दुधाळ आला की आपण फोनला शिव्या देतो.

२. उजेड

फोटोसाठी विकत घ्यावं असं पहिल्या दिवशी काहीच नाही. एक खिडकी, एक बटर पेपर, थर्मोकोलचा एक पांढरा तुकडा, एक काळा कार्डपेपर. झालं.

दागिना खिडकीपासून दोन-तीन फुटांवर ठेवा, उजेड बाजूने किंवा थोडा मागून येऊ दे. तुमच्या पाठीमागून उजेड आला तर तुमचीच सावली दागिन्यावर पडेल. समोरच्या बाजूला, म्हणजे जिथे अंधार पडतो तिथे थर्मोकोल उभा करा. तो उजेड परत फेकतो आणि काळोखात गेलेले मणी वर येतात. घरातली ट्यूब, बल्ब सगळं बंद. खिडकीचा उजेड आणि ट्यूबचा उजेड वेगवेगळ्या रंगाचा असतो. दोन्ही एकत्र आले की माळेची एक बाजू निळसर, दुसरी पिवळट, आणि मग ती कुठल्याच बटणाने सुधारत नाही.

उजेड मऊ आहे की कडक, हे कळायला एक पांढरं अंडं ठेवून बघा. त्याच्या सावलीची कड सुरीने कापल्यासारखी दिसली तर उजेड कडक. कड हळूहळू विरत गेली तर कामाला लागा. कडक असेल तर खिडकीला बटर पेपर लावा किंवा जुना पांढरा पंचा ताणून बांधा.

आमच्या घराच्या खिडकीला लोखंडी गज आहेत. सुरुवातीच्या मोत्याच्या फोटोंमध्ये प्रत्येक मोत्यावर बारीक उभ्या रेघा दिसायच्या. मला वाटलं, मोती तडकले. मोठं करून पाहिलं तर प्रत्येक मोत्यात आमची खिडकी, गजांसकट. बटर पेपर लावला आणि प्रत्येक मोत्यावर एकच मऊ पांढरा ठिपका उरला. मोती हा लहानसा गोल आरसाच असतो हे तेव्हा डोक्यात शिरलं, आणि पुढची निम्मी अडचण त्यानेच सुटली.

बहुतेक ठिकाणी सल्ला देतात की उत्तरेची खिडकी पकडा, तिच्यातून थेट ऊन येत नाही. सल्ला चांगला आहे, पण आपल्याकडे मे महिन्यात तो फसतो. वेंगुर्ला जवळजवळ सोळा अक्षांशावर आहे. मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत भर दुपारचा सूर्यही आपल्या डोक्यावरून थोडा उत्तरेला असतो, आणि सकाळ-संध्याकाळी तर उत्तरेच्या खिडकीत चक्क ऊन येतं. त्या दिवसांत बटर पेपर कायमचा चिकटवून ठेवा. जून लागला की ढगच पंच्याचं काम करतात. पावसाळ्यातला ढगाळ दिवस हा मणीकामासाठी वर्षातला सगळ्यात चांगला उजेड, फक्त तो कमी असतो, म्हणून फोन हातात न धरता टेकवून ठेवावा लागतो.

३. आपल्याकडचा उजेड रंगीत असतो

हा भाग घाईने वाचू नका, माझे पैसे इथेच बुडाले.

मोत्याच्या कुड्यांचा एक जोड मी खळ्यात, म्हणजे घरासमोरच्या अंगणात, सकाळच्या सुंदर उजेडात काढला होता. पुण्याच्या एका बाईंनी घेतला. आठवड्याने पार्सल परत आलं. "फोटोत गुलाबी मोती होते, हे पांढरे आहेत." मी चिडले. गुलाबी मी कुठेच लिहिलं नव्हतं. मग फोटो उघडून बघितला आणि गप्प बसले. मोती खरंच गुलाबी दिसत होते. खळ्याची माती लाल, समोरचा गडगा (कुंपणाची दगडी भिंत) जांभ्याचा, त्यावर सकाळचं ऊन. तो सगळा तांबूस उजेड उलटून मोत्यांवर येत होता. जाण्या-येण्याचं कुरिअर माझ्याच खिशातून गेलं.

लाल माती आणि जांभा गुलाबी झाक देतात. माड-पोफळींच्या सावलीत उजेड पानांतून गाळून येतो, तिथे पांढरं ते हिरवट होतं आणि सोनेरी मणी आजारी दिसतात. पावसाळ्यात पडवीला बांधलेला निळा प्लास्टिकचा कागद तर सगळ्यात फसवा. आपले डोळे पाच मिनिटांत त्या निळ्याला सरावतात, कॅमेऱ्याला ते नेहमी जमत नाही. शिवाय फोटो काढणारीच्या अंगावरचे कपडे! लाल गाऊन घालून चांदीच्या मण्यांचा फोटो काढून बघा. मी फोटोच्या दिवशी जुना पांढरा कुर्ता घालते.

यावर उपाय स्वस्त आहे. बाहेर काढायचाच असेल तर दागिन्याच्या चहूबाजूंनी दोन-तीन फूट पांढरी चादर अंथरा आणि गडग्याच्या बाजूला थर्मोकोल उभा करा. पहिला फोटो नेहमी दागिन्याशेजारी कोरा पांढरा कागद ठेवून काढा. तो कागद स्क्रीनवर पांढरा दिसतोय का? नसेल तर जागा बदला. जागा बदलणं शक्य नसेल तर फोनच्या प्रो मोडमध्ये व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं ते पांढरंच दिसावं यासाठीचा रंगाचा मेळ, हाताने ठरवता येतो. उन्हाला साधारण ५५०० केल्विन, ढगाळ हवेला ६५००, तिथून पुढे-मागे करून कागद पांढरा होईपर्यंत बघायचं. एकदा ठरवला की त्या बैठकीतले सगळे फोटो त्याच आकड्यावर काढा, नाहीतर एकाच माळेचे चार फोटो चार रंगांत येतात.

४. खाली काय अंथरायचं

पार्श्वभूमी निवडताना मी एकच गोष्ट बघते. तिच्यावरची नक्षी, वीण किंवा खडबडीतपणा मण्यापेक्षा बारीक हवा, नाहीतर मण्यापेक्षा खूप मोठा हवा. दोन्ही एका मापाचे झाले की डोळा गोंधळतो. मासेमारीचं जाळं याच कारणासाठी फसतं, त्याची भोकं आणि मणी एकमेकांत मिसळतात. जाडंभरडं कापडही तसंच. इस्त्री न केलेल्या कापडाची सुरकुती दोन मिलिमीटरच्या मण्यापुढे डोंगरासारखी दिसते. पैठणीचा पदर अंथरायचा मोह प्रत्येकीला होतो, तो आवरा. पदर विकायचा असेल तर ठीक आहे.

माझी सर्वात आवडती पार्श्वभूमी म्हणजे पोफळीची, म्हणजे सुपारीच्या झाडाची, विरी. पोफळीची झावळी गळून पडते तेव्हा तिच्या बुडाशी चामड्यासारखा रुंद भाग असतो, ज्यावर बसवून आम्ही लहानपणी एकमेकांना अंगणभर ओढायचो, ती. आतली बाजू फिकट बदामी, न चकाकणारी, तिच्यावर बारीक समांतर रेघा. काळे मणी, मोती, लाल, निळे, हिरवे, जवळजवळ सगळं तिच्यावर उठून दिसतं. फक्त लाकडी आणि बदामी रंगाच्या मण्यांना ती चालत नाही.

ती तयार करायला एक दिवस जातो. ताजी पडलेली, बुरशीचे डाग नसलेली विरी घ्या. कडा कापून चौकोनी तुकडा करा. बादलीत तास-दोन तास बुडवून ठेवा म्हणजे मऊ पडेल, मग पुसून दोन फळ्यांच्या मध्ये घालून वर पाटा ठेवा. वाळताना ती वळायला बघते, म्हणून पूर्ण वाळेपर्यंत पाटा काढायचा नाही. उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी सपाट मिळते, पावसात तीन दिवस धरा आणि रोज एकदा हवा दाखवा, नाहीतर आतून काळे ठिपके येतात. सुपारीच्या विरीच्या ताटल्या बाजारात मिळतात, त्याही चालतात, पण त्यांना काठ असतो आणि काठाची सावली पडते.

जांभ्याचा चिरा फोटोत फार सुंदर दिसतो आणि तीच अडचण आहे. त्याची भोकं, त्याचा रंग सगळं लक्ष ओढून घेतं. लाल, केशरी, तांब्याचे मणी त्यात बुडून जातात. पांढरे, फिरोजी, गडद हिरवे ठसठशीत दिसतात, पण मोत्यांचं काय होतं ते वर सांगितलंच आहे. चिरा खडबडीत असतो, मुलामा दिलेल्या मण्यांना ओरखडे येतात. माळ ओढून सरळ करू नका, उचलून ठेवा.

सारवलेली जमीन चांगली, पण पूर्ण वाळलेली हवी. जुन्या होडीची रंग उडालेली फळी मिळाली तर सोनंच, तिचा फिकट निळा रंग पिवळ्या-सोनेरी मण्यांना खुलवतो. कुणाची होडी किनाऱ्यावर ओढून ठेवलेली असेल तर तिच्यावर दागिने मांडायच्या आधी विचारा. नाही कुणी म्हणत नाही, पण विचारावं.

वाळूबद्दल थोडं सविस्तर, कारण समुद्रकिनारी राहणाऱ्याला वाळू सुचणारच. थेट किनाऱ्यावर माळ ठेवू नका. वाळूचे कण मण्यांच्या भोकांत शिरतात आणि दोरा आतून कापतात, खारं पाणी पितळी तार आणि चांदीचा मुलामा काळा-हिरवा करतं, आणि सुटलेली बारीक कडी वाळूत शोधून दाखवा. त्यापेक्षा वाळूची फळी करा. थोडी वाळू घरी आणून गोड्या पाण्यात दोन-तीनदा धुवून वाळवायची, प्लायवूडच्या तुकड्यावर फेव्हिकॉल पसरून वर वाळू गाळणीने भुरभुरायची, वाळली की जास्तीची झटकायची. तारकर्लीकडची वाळू फिकट आहे, तिच्यावर गडद मणी ठेवा. रत्नागिरीच्या आसपास काही किनाऱ्यांवर इल्मेनाइट या खनिजामुळे वाळूत काळे पट्टे असतात, त्या वाळूची फळी केली तर पांढरे मणी चमकून उठतात. दोन फळ्या केल्या की आयुष्यभराचं काम झालं.

हे सगळं जमेपर्यंत साधा राखाडी किंवा ऑफ-व्हाइट चार्ट पेपर घ्या. त्याची मागची बाजू भिंतीला चिकटवून पुढची टेबलावर सोडा, घडी न घालता गोलाईत. भिंत आणि टेबल जिथे मिळतात ती रेघ दिसत नाही, फोटो स्वच्छ येतो. काळं मखमल टाळा, कापसाचा प्रत्येक तंतू दिसतो.

५. सोबतीच्या वस्तू

प्रॉपचं, म्हणजे अशा सोबतीच्या वस्तूचं, पहिलं काम माप सांगणं. फोटोतली ठुशी केवढी आहे हे गिऱ्हाइकाला कळत नाही, शेजारी अख्खी सुपारी ठेवली की न सांगता कळतं. बकुळीचं फूल, काजूगर, तांदळाचे चार दाणे, आमसुलाची एक पाकळी, लाकडी फणी, मेणाची कुंकवाची डबी, या सगळ्यांचं माप मराठी माणसाच्या डोळ्यात बसलेलं आहे. नारळाचं मापही माहीत आहे, पण तो एवढा मोठा की त्याच्यापुढे कुडी मुंगी होते. शिंपला तर बोटभरही असतो आणि ताटभरही, म्हणून मापाला तो कुचकामी.

प्रॉप चौकटीच्या कडेला ठेवा, अर्धा कापला गेला तरी बिघडत नाही. दागिन्याच्या थोडा मागे ठेवला की आपोआप धूसर होतो. एक पुरे, दोन चालतात, तिसरा ठेवायच्या आधी माझ्या सासूबाईंना आठवा.

फुलांमध्ये सुरंगीला तोड नाही. फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला सुरंगीचे वळेसर (गजरे) मिळतात. पांढऱ्या पाकळ्या आणि मधला पिवळाजर्द पुंजका, शेजारी मोत्याची नथ, बस. फुलं ताजी असतानाच काढा, दुपारपर्यंत तपकिरी पडतात. ओली फुलं धाग्याच्या दागिन्याला टेकवू नका.

सावंतवाडी जवळ असल्याने लाकडी फळं आणि गंजिफाची, म्हणजे हाताने रंगवलेल्या पत्त्यांची, गोल पानं आमच्या हाताशी असतात. लाखेचं लाकडी फळ चकाकतं, त्यात खिडकीचा ठिपका पडतो आणि तो दागिन्यापेक्षा उजळ दिसतो, म्हणून ते मागे ठेवा. गंजिफाच्या पानावरचं चित्र इतकं सुरेख असतं की दागिना त्याच्यापुढे हरतो. मी त्याची फक्त किनार दिसेल एवढंच चौकटीत घेते.

काही वस्तूंपासून मात्र सावध. आमसूल ओलं असेल तर मोत्यांना लावू नका, ते आंबट आहे आणि डागही पडतो. हळद, कुंकू सांडलं तर दोऱ्यात मुरतं. गुंजा लाल-काळ्या, मण्यांसारख्याच गोड दिसतात, पण आतलं बी विषारी असतं. त्यांना भोक पाडू नका, माळेत ओवू नका, घरात लहान मूल असेल तर बाहेरच काढू नका. आणि किनाऱ्यावर सापडलेलं प्रवाळ किंवा "इंद्रजाल" म्हणून विकतात तो काळा जाळीदार पंखा प्रॉप म्हणून ठेवायचा विचारही नको. प्रवाळं आणि काही जातींचे शंख १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत, जवळ बाळगणंच गुन्हा ठरू शकतो. मालवणचा समुद्र तर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तिथून काही उचलायचं नाही. जेवणात आलेल्या तिसऱ्यांचे शिंपले धुवून वाळवा, तेवढे पुरतात.

६. मांडणी

माळ टेबलावर गोल ठेवली की टायरसारखी दिसते. पानाच्या विड्याच्या आकारात, वर निमुळती आणि खाली रुंद ठेवली की गळ्यात कशी पडेल ते कळतं. मधलं पदक किंवा वाटी खाली मध्यभागी, कडी-फास वरच्या बाजूला. पदर एकमेकांवर चढले असतील तर सुईच्या टोकाने सोडवा, बोटाने नाही.

लोंबत्या कानातल्यांना टांगूनच काढावं. पितळी पेल्याचा काठ, रोवळीची कड, किंवा दोन खिळ्यांच्या मध्ये ताणलेला तंगूस. पंखा बंद करा. हे मला तीन बैठका वाया गेल्यावर कळलं, मी फोनलाच दोष देत होते.

नथ सगळ्यात हट्टी. ती कधीच हवी तशी बसत नाही, एका अंगावर कलंडते. तिच्यामागे मधमाशीच्या मेणाची मुगाएवढी गोळी लावा आणि विरीवर हलकेच दाबा. पण नथीचा एक तरी फोटो कुणाच्या तरी नाकात हवाच, डाव्या नाकपुडीत. नुसत्या नथीवरून ती नाकावर केवढी पसरेल हे भल्याभल्यांना कळत नाही. चेहरा दाखवायचा नसेल तर नाक-ओठ एवढंच घ्या, आणि ज्या मुलीचा फोटो आहे तिला तो दाखवून, विचारून मगच टाका.

७. फोन

अगदी जवळ जाऊन वन-एक्सने (झूम न करता) काढू नका. जवळचे मणी फुगतात, लांबचे आकसतात, आणि फोनची सावली पडते ती वेगळीच. फूट-दीड फूट लांब राहा आणि टू-एक्स (दुप्पट झूम) वापरा. बऱ्याच फोनमध्ये मॅक्रो (अगदी जवळून काढायची सोय) सुरू केलं की आपोआप रुंद कोनाची लेन्स लागते, तिच्यात माळेचा आकार वाकडा होतो. पोर्ट्रेट मोडही नको. तो बारीक तार, कानातल्याचा आकडा आणि तंगूस हे सगळं मागच्या धूसर भागात ढकलून खाऊन टाकतो.

सर्वात पुढच्या मण्यावर बोट दाबून धरा, फोकस आणि एक्स्पोजर (फोटो किती उजळ येईल ते) तिथेच कुलूपबंद होतात. मग बोट वर-खाली सरकवून उजेड ठरवा. फोनला सगळं जग मधल्या राखाडी रंगाचं करायची सवय असते. पांढऱ्या पार्श्वभूमीवर तो फोटो काळपट करतो, तिथे थोडा वाढवा. काळ्यावर तो उगाच उजळवतो, तिथे कमी करा. फोन डब्यांच्या चळतीवर टेकवून दोन सेकंदांचा टायमर लावला की हात हलण्याचा प्रश्न मिटतो.

मण्यांच्या जाती तशा खूप, पण दोन त्रास देतात. काळे मणी, म्हणजे मंगळसूत्राची पोत. काळ्या मण्याला स्वतःचा असा उजेड नाही, त्याचा गोलपणा दिसतो तो त्यावर पडलेल्या पांढऱ्या ठिपक्यामुळे. खिडकी एकच ठेवा, दोन बाजूंनी उजेड आला की प्रत्येक मण्यावर दोन ठिपके पडतात आणि पोत खडबडीत दिसते. दुसरी पारदर्शक काच. तिला समोरून उजेड दिला तर ती मळकी वाटते. तिच्या मागे पांढरा कागद आणि मागूनच उजेड येऊ द्या, आणि चौकटीबाहेर दोन्ही बाजूंना काळा कार्डपेपर उभा करा. त्या काळ्याची बारीक रेघ प्रत्येक मण्याच्या कडेला उमटते आणि काच काचेसारखी दिसते. टेराकोटा, लाकूड, दोरा यांना एवढे नखरे नाहीत, बाजूचा उजेड दिला की झालं.

८. किती फोटो

एका दागिन्याचे पाच. पूर्ण दागिना स्वच्छ पार्श्वभूमीवर. मणी मोजता येतील इतका जवळून एक. अंगावर घातलेला एक. मागची बाजू आणि फास दाखवणारा एक, हा कुणी टाकत नाही आणि गिऱ्हाईक हाच मागतं. पाचवा सुरंगीचा, विरीचा, होडीचा, तुमच्या हौसेचा. लोक थांबतात ते पाचव्या फोटोवर, पण पैसे पाठवतात ते पहिले चार बघून. म्हणून प्रॉपवाला फोटो शेवटी काढा, नाहीतर सगळा चांगला उजेड फुलं मांडण्यात संपतो.

फोटोखाली लांबी इंचात, मणी कशाचे आणि मोती खरे की काचेचे हे लिहाच.

९. नंतरची डागडुजी

स्नॅपसीडसारखं कुठलंही फुकटचं ॲप पुरतं. कडा सरळ करा, धूळ पुसा, गरज असेल तर व्हाइट बॅलन्समध्ये त्या पांढऱ्या कागदावर ठिपका ठेवून रंग जुळवा. रंग गडद करणारी पट्टी हलवू नका. खिडकीपाशी दागिना हातात घेऊन स्क्रीनशेजारी धरा आणि दोन्ही रंग एक दिसतात का ते बघा. व्हॉट्सॲपवर पाठवताना एचडी निवडा किंवा डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर बारीक मण्यांचा चिखल होतो.

पावसाळ्यात दागिने हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. कॅमेरा वापरत असाल तर तोही, लेन्समध्ये बुरशी शिरली की काढणं महाग पडतं. चांदीच्या मुलाम्याच्या वस्तूंना रबरबँड लावून ठेवू नका, त्यातल्या गंधकाने त्या काळ्या पडतात. आणि फोटो झाल्यावर विरी तशीच टेबलावर सोडून उठू नका. पुन्हा पाट्याखाली ठेवा, सकाळपर्यंत ती होडीसारखी वळलेली असते.